वरच्या खोलीतले भाडेकरू

“टीव्हीचा रिमोट कोणाकडे असतो?” मंजिरीने विचारलं.

कमलाकर रांगणेकरांना घाम फुटला. बाहेर इंग्लंडमधल्या लेस्टरचा फेब्रुवारी होता, खिडकीच्या काचा गारठून पांढऱ्या झाल्या होत्या, तरी फुटला. चहा, भाजी, धुणं, सगळ्याची उत्तरं त्यांनी घोकून ठेवली होती. रिमोट राहून गेला होता.

“आशाताईंकडे,” ते म्हणाले. “म्हणजे टीव्ही त्यांचाच आहे. मी फक्त बातम्यांपुरता खाली येतो.”

“आणि त्यांची सीरियल?”

“ती आपली अधूनमधून. कथा कळण्यापुरती.”

मंजिरी कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, चौकशीला आली होती. जन्म लेस्टरचा, मराठी मात्र आईच्या तोंडून ऐकून शिकलेलं. या घरातली मालकीणबाई आणि भाडेकरू खरं तर नवरा-बायकोसारखे राहतात, असं कुणीतरी कौन्सिलला फोन करून कळवलं होतं. तसं ठरलं असतं, तर कमलाकरांचं हाउसिंग बेनिफिट, म्हणजे घरभाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत, बंदच. आशाताईंच्या घरातल्या वरच्या खोलीचं भाडं त्यातूनच तर जायचं.

मोज्यांची गिरणी बंद पडली, पाठोपाठ कंबरेने संप पुकारला, आणि कमलाकर तुटपुंज्या पेन्शनवर आले, तेव्हा त्यांनी खोलीसाठी बरीच दारं ठोठावली होती. ‘बेनिफिटवाले नकोत,’ असं लोक तोंडावर सांगायचे. आशाताई एकट्याच राहत होत्या, यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. त्यांनी दार उघडून एवढंच विचारलं होतं, “लसूण चालतो ना?”

आता कौन्सिलचं माणूस येणार म्हटल्यावर दोघांनी आदल्या दिवशी फ्रिजची फाळणी केली होती. वरचा कप्पा आशाताईंचा, खालचा कमलाकरांचा. दुधाच्या बाटल्या दोन. दह्याचं भांडं मात्र एकच निघालं. ते कुणाच्या वाट्याला जावं यावर बराच खल झाला. शेवटी दोघांनी मिळून दही संपवूनच टाकलं.

कमलाकरांना बैठकीतच बसायला सांगून मंजिरी स्वयंपाकघरात गेली. दार अर्धवट उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं.

“आंटी, तुम्ही अंकलला काय हाक मारता?”

“हाक कसली? अहो म्हणते.”

मंजिरीचं पेन थांबलं. “माझी आई बाबांना अहो म्हणते.”

“अगं, मी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पटेलांनाही अहोच म्हणते.”

हे तिला पटलं असावं. पेन पुन्हा चालू झालं.

“बाहेर एकत्र जाता?”

“देवळात जातो. पण वेगवेगळ्या बसने. लोक काय, बोलतात.”

“आणि तिथे पोचल्यावर?”

“जो आधी उतरेल तो स्टॉपवर थांबतो. फुटपाथवर बर्फ असतो गं, आणि यांचे बूट...” आशाताई अडखळल्या. “त्यांचे बूट घसरतात.”

बैठकीत कमलाकरांनी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला कौन्सिल देईल ती खोली, समोर भिंत, आणि संध्याकाळी एकट्याचा कुकर.

मंजिरी परत आली. “लास्ट प्रश्न, अंकल. पुढे लग्न वगैरे? तसा काही प्लॅन आहे?”

“छे!” कमलाकर इतक्या जोरात म्हणाले, की स्वयंपाकघरात काहीतरी दाणकन आपटलं. “भलतंच काय! मी भाडेकरू आहे.”

मंजिरी हसली. तिने पेन बॅगेत टाकलं. “रिलॅक्स, अंकल. पैसे वेगळे, खोल्या वेगळ्या, तुम्हाला कोणी कपल म्हणत नाही. मी तसा रिपोर्ट देते. तुमचं बेनिफिट चालू राहणार.”

झालं. हेच तर हवं होतं. कमलाकरांनी तिचे आभार मानले, पण आवाजात जीव नव्हता. मंजिरी दाराशी जाऊन बूट घालू लागली, तेवढ्यात आशाताई बाहेर आल्या. हात कणकेने माखलेले होते.

“एवढ्या जोरात छे म्हणायची काय गरज होती?”

“अहो, बेनिफिट बंद झालं असतं. खोली सोडावी लागली असती मला.”

“आणि या बेनिफिटची भानगडच नसती, तर?”

मंजिरीच्या बुटाची चेन अडकली होती, किंवा तिने ती अडकू दिली. कमलाकर गालिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली.

“तर दोन हिवाळ्यांपूर्वीच विचारलं असतं तुम्हाला,” ते म्हणाले. “पण तुम्हाला वाटलं असतं, म्हातारा फुकट राहायची सोय बघतोय.”

 कणकेच्याच हाताने आशाताईंनी डोळ्याचा कोपरा पुसला, आणि गालावर पिठाचा पट्टा उमटला.

“मंजिरी,” त्या म्हणाल्या, “तुझ्या कौन्सिलला सांग, बेनिफिट बंद करा. वरची खोली रिकामी झाली.”

मंजिरीचा चेहरा उतरला. “ओह नो, आंटी! मग अंकल कुठे जाणार?”

“फार लांब नाही गं,” आशाताई म्हणाल्या. “जिना उतरून खाली.”