‘वाजत नाही’

ज्यानं जन्मात एक सूर लावला नाही, त्या साहेबानं फर्मान काढलं: शाळेला नवी पेटी मिळाली, आता जुनी मोडीत काढा!

संगीत शिकवणाऱ्या कालिंदीबाईंनी बावीस वर्षं वाजवलेली पेटी मांडीवर घेऊन रिक्षानं कचेरीत आणली. साहेबानं फॉर्म पुढे सरकवला.

“‘वाजत नाही’ लिहा, सही करा आणि मोकळ्या व्हा.”

“आधी ऐका तरी!” बाईंनी फरशीवरच बसकण मारली, भाता हलवला आणि गौळण सुरू केली. कारकून जागा सोडून गोळा झाले. टेबलाखाली साहेबाचा बूट ठेका धरू लागला.

बाईंनी पेटी मिटली, पेन उघडलं.

“‘वाजत नाही’ असं लिहिते, साहेब. पण मग तुमचा पाय कशावर हलत होता, ते कुठल्या रकान्यात लिहू?”