ठरलेल्या चुका

नियंत्रकाने उजवीकडे वळायला सांगितलं आणि कॅप्टननी विमान डावीकडे वळवलं.

शेजारच्या सहवैमानिकेने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बोलावं? तेवढ्यात कॅप्टन स्वतःच “अरे देवा!” म्हणाले आणि त्यांनी विमान उजवीकडे आणलं. समोरच्या काचेतले ढग कलले. ढग खोटे होते, आकाश खोटं होतं. खरी होती ती फक्त परीक्षा. लोखंडी पायांवर डोलणाऱ्या सिम्युलेटरच्या त्या खोलीत, मागच्या खुर्चीवर परीक्षक साहेब बसले होते. कंपनीतल्या सगळ्या वैमानिकांच्या ड्यूट्याही तेच लावायचे. आज नापास झाली, तर यापुढे तिला विमानात बसायचं ते तिकीट काढूनच.

या परीक्षेत कॅप्टनना मुद्दाम चुकायला सांगतात, हे कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सहवैमानिक वेळेवर तोंड उघडतो का, ते बघायचं असतं म्हणे. पण खरंच तेच बघायचं असतं का? खाली जिन्यात मोठा फलक होता, ‘शंका आली? बिनधास्त बोला.’ त्याच फलकाखालून तिची मैत्रीण गेल्या महिन्यात रडत बाहेर पडली होती. भर उड्डाणात तिने कॅप्टनची चूक दाखवली, आणि साहेबांनी तिला उद्धट ठरवून घरी बसवलं. मग पास व्हायचं ते बोलून, की गप्प राहून? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“चहा गार झाला की काय,” म्हणत कॅप्टननी कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता.

“दमलात का, सर?”

“छे गं! वैमानिक दमत नसतो, नुसता म्हातारा होतो.”

ते हसले. तीही हसली. हाच विनोद त्यांनी मघाशी पट्टे बांधताना केला होता, अगदी याच शब्दांत.

अभिनय तरी किती बारीक, तिला वाटलं. डोळे चोळून चोळून लाल करून आलेत. मधूनच तिला ‘चिमे’ म्हणताहेत, आणि चिमी तर त्यांची लेक.

रेडिओवर त्यांनी भलत्याच विमानाचा क्रमांक सांगितला.

“सर, हा आपला क्रमांक नाही,” ती हळूच म्हणाली.

“नाही? काल होता की!”

मागे साहेबांची खुर्ची करकरली. रागावले, की खूश झाले? वळून बघायची सोय नव्हती. कुठली चूक धरायची आणि कुठली पोटात घालायची, काही उमजेना.

विमान उतरणीला लागलं. ढगांखाली डोंगर होता. ठरलेल्या उंचीवर थांबायचं होतं. कॅप्टन थांबले नाहीत.

“सर, उंची.”

“हं.”

“सर, आपण फार खाली आलोय.”

“हो हो, चिमे. आलोच.”

ते समोर बघत होते, पण नजर काचेच्याही पलीकडे कुठेतरी होती. तिला आई आठवली. आई भजनाला टाळ धरायची. म्हणायची, पुढचा गाणारा सुरातून घसरला, तर मागच्याने सूर उचलून धरायचा. तिथे मान-अपमान बघत बसायचं नाही, बाळा. देवापुढे सूर पडता कामा नये.

“विमान मी घेतेय!” ती ओरडली आणि तिने विमानाचं नाक वर उचललं. डोंगर काचेच्या खालून सरकत गेला.

खोली थांबली. दिवे लागले.

“शाब्बास!” साहेब टाळ्या वाजवत पुढे आले. “पास! असंच बोलायचं असतं. आपण सगळे एका घरातले. घरात कसली भीती?”

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरातल्या त्या मैत्रिणीचं काय, हा प्रश्न मात्र जिभेवर आला नाही.

“आणि कॅप्टन, तुमच्यापुढे तर हात जोडले!” साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. “नाटकात जायचं सोडून इकडे कुठे आलात? तो क्रमांक काय, तो रिकामा कप काय! चला, उठा आता. गाडी खाली उभी आहे. संध्याकाळच्या विमानात माणसं चढायला लागली असतील, आणि आज तुमच्याशिवाय माझ्याकडे दुसरं कुणी नाही.”

कॅप्टननी पट्टा सोडायला दोनदा हात घातला. तिसऱ्यांदा तो सुटला. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि गोंधळून विचारलं,

“पण साहेब, तुम्ही खांद्याला हात लावलात की मी चुकायला सुरुवात करायची, असं ठरलं होतं ना?”