मधला वेढा

वाळवंटात महिनाभर चर खणून इत्तोच्या हाती एकच शंख लागला. माखली या समुद्री जिवाच्या कुठल्याशा पूर्वजाचा, दगड झालेला, आणि नेमका मधोमध फुटका. अकरा दिवस खपून, दगडाच्या भुग्यात राळ कालवून तिने मधला वेढा घडवला. शंख विकला गेला तर बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होणार होतं. एरफूदच्या व्यापाऱ्याने तो बाबांपुढे धरला. "हद्दूबाबा, चाटून सांगा. तुम्ही अस्सल म्हणालात की डोळे झाकून घेतो." दगडाला जीभ चिकटते, राळेवरून निसटते. बाबांची जीभ मधोमध थबकली. इत्तो किटलीकडे बघत राहिली. "बाहेरचे वेढे समुद्राचे," बाबा म्हणाले, "मधला माझ्या लेकीचा." व्यापारी चहा अर्धा टाकून निघून गेला. "गप्प बसायचं होतं ना," इत्तो चिडली. बाबा बोटाने सांधा शोधत होते, सापडेना. "अकरा दिवस तू खपलीस, आणि नाव समुद्राचं सांगू?"