दुसऱ्या देशाची डिस्क

ड्रायव्हर खुर्चीसकट आडवा झाला, आणि त्याच क्षणी मालकांच्या पुतण्यानं टीव्ही मेकॅनिकला दारातून आत ढकललं.

"आला एकदाचा," मालक म्हणाले. "उचला रे त्याला."

मालकांच्या दोन माणसांनी खुर्ची सरळ केली. ड्रायव्हरचे हात मागे वायरनं करकचून बांधलेले. एक डोळा पार मिटलेला, खालचा ओठ फाटून लोंबत होता. टीव्हीचं किरकोळ काम आहे, असं सांगून पुतण्यानं मेकॅनिकला दुकानातून उठवून आणलं होतं. असलं टीव्हीचं काम त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं!

गॅरेजच्या मागची ऑफिसची खोली होती ती. टेबलावर टीव्ही, शेजारी डीव्हीडी प्लेअर आणि त्यावर एक डिस्क.

"ही लाव," मालक म्हणाले.

मेकॅनिकनं लावली. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, ही डिस्क या भागात चालणार नाही, आणि ट्रे आपोआप बाहेर आला.

"सकाळपासून हेच चाललंय." मालकांनी पट्टा हाताला गुंडाळला. "दोन वर्षांमागं माझी पोरगी घरातून गेली, ती शेवटची ह्याच्या गाडीत बसलेली. गाडी आली रिकामी. हा म्हणतो, स्टेशनवर सोडली, पुढचं ठाऊक नाही. मेली की मारली, काही पत्ता नाही रे! आणि काल ह्याच्या ट्रंकेत ही सापडली. परदेशातून आलेल्या पाकिटात."

"रिकामी आहे ती, मालक," ड्रायव्हर कसाबसा बोलला. "माझ्याकडेही लागली नाही. कुणीतरी चुकून..."

पट्टा सपकन बसला. बक्कल कानात रुतलं आणि रक्त मानेवरून शर्टात उतरलं.

"ऐक," मालक मेकॅनिककडे वळले. "ही लागली आणि ह्यात माझी पोर जिवंत दिसली, तर ह्याला आत्ताच्या आत्ता सोडतो. शब्द आहे माझा. नाही दिसली, तर आज इथंच संपवतो. बाप आहे मी."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. मेकॅनिकलाही मुलगी होती. ती क्लासहून यायला जरा उशीर झाला, तरी त्याचा जीव टांगणीला लागायचा. त्याला दोघांचीही कीव आली.

"मालक, डिस्क रिकामी नाही," तो धीर करून म्हणाला. "प्रत्येक डिस्कला तिच्या भागाचा एक नंबर असतो. ही तिकडची आहे. आपला प्लेअर तिकडचा नंबर घेत नाही."

"मग काय, डिस्कचा व्हिसा काढू?" म्हणत पुतण्यानं त्याच्या कानाखाली जाळ काढला.

"उघडतं ते!" मेकॅनिक कळवळून ओरडला. "कुलूप प्लेअरला आहे. रिमोटवर ठरावीक आकडे दाबले, की सगळीकडच्या डिस्का चालतात."

हे ऐकलं मात्र, ड्रायव्हर खुर्चीसकट उसळला आणि डोक्यानं टेबलावर आदळला. प्लेअर खाली पडला, डिस्क बाहेर घरंगळली. त्यानं डिस्कवर टाच हाणली, पण ती हुकली.

मग बूट सुरू झाले. पोटात, पाठीत, तोंडावर. आत काहीतरी कटकन मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मेकॅनिकनं झेप घालून डिस्क उचलली, छातीशी धरली आणि स्वतःच मध्ये पडला. दोन लाथा त्यानंही खाल्ल्या.

"मरेल हो तो! माराच्या धसक्यानं डोकं फिरलंय त्याचं. जरा दम धरा, लावतो मी!"

खाली बसून त्यानं प्लेअर उघडला. ट्रेचा रबरी पट्टा निसटला होता, तो बसवला. ड्रायव्हर शेजारीच पडलेला, श्वासागणिक तोंडातून रक्ताचा बुडबुडा येत होता.

"काका, थोडी कळ काढा," मेकॅनिक कुजबुजला. "सोडवतो तुम्हाला."

"नको," ड्रायव्हर म्हणाला. "नको रे... नको..."

"नाही, नाही मारणार आता ते."

त्यानं ट्रे उघडा ठेवून आकडे दाबले. काहीच झालं नाही. पुतण्यानं शांतपणे त्याचा हात टेबलावर धरला आणि करंगळीवर पाना हाणला. मेकॅनिक गुरासारखा ओरडला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण रिमोट त्यानं सोडला नाही. दुसरे आकडे त्यानं डाव्या हातानं दाबले. माणसाचा जीव वाचत होता, करंगळीचं काय घेऊन बसलात!

पडद्यावर छोटी चौकट आली. त्यानं नंबर बदलून शून्य केला आणि डिस्क आत सारली.

चित्र आलं. एका घराच्या दारात आखूड केसांची मुलगी उभी होती, कडेवर गुटगुटीत बाळ.

"दिसली!" मेकॅनिक रडत रडत हसला. "जिवंत आहे हो, मालक! नातू पण आहे!"

मालक पडद्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "शब्द दिलाय मी."

पुतण्यानं वायर कापली. दार सताड उघडं होतं. ड्रायव्हर दाराकडे गेलाच नाही, तो कोपरांवर सरपटत टीव्हीच्या वायरीकडे निघाला. एकानं त्याच्या पाठीवर पाय ठेवला.

पडद्यावरची मुलगी बाळाचा हात हलवत होती. "ड्रायव्हरकाका, तुम्ही त्या दिवशी गाडी वळवलीत म्हणून मी वाचले, नाहीतर बाबांनी माझ्या नवऱ्यासारखा माझाही गळा चिरला असता. ते अजून शोधतायत म्हणे. आम्ही कुठं असतो ते तेवढं कुणाला कळू देऊ नका हं."

मालकांनी डोळे पुसले आणि मायेनं मेकॅनिकच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा मागं घे रे," ते म्हणाले. "दारावरची पत्त्याची पाटी दिसते ना, तिथं थांबव."