पिठाची चाळणी

रविवारी सारं घर जाम नदीवर डबे घेऊन गेलं, तेव्हा मास्तरांनी बायकोसाठी दुपट्टाभर रेती आणली. मासिकातला केक करायचा, तर मोठ्या पितळी गंजात रेती तापवून तिच्यावर डबा ठेवावा लागतो. ते अंगणात रेती चाळायला बसले, तशी उर्मिला कडाडली, "अहो, पिठाच्या चाळणीनं रेती चाळून राहिले का तुम्ही?" मास्तर हसले. "येत्या रविवारी नवी आणतो." गुरुवारी वर्गात फळ्यासमोरच त्यांनी प्राण सोडला. केक राहूनच गेला. तेरवीच्या स्वयंपाकासाठी थोरल्या जाऊबाईंनी तो पितळी गंज रिकामा करून घासला. "आतली रेती फेकली म्या अंगणात." खिळ्यावरची चाळणी घेऊन उर्मिला अंगणात बसली आणि मातीतली रेती मूठमूठ चाळू लागली. "अवं, पिठाच्या चाळणीनं रेती चाळून राहिली का तू?" जाऊबाई ओरडल्या. "येत्या रविवारी नवी आणतो म्हणाले ते."