पाऊण तासाचं विमान

दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर विमानाने जेमतेम पाऊण तासाचं. पण धाकट्या भावाच्या विमानाचा दुपारपासून पत्ता नव्हता. ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. संध्याकाळी विमान उतरलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

हसत बाहेर आलेल्या भावाला तिने घट्ट मिठी मारली.

"कुठे होतास रे इतका वेळ?"

"इतका वेळ? अगं, पाऊण तासात तर पोचलो! डोळासुद्धा लागला नाही."

"असू दे बाबा. आलास, भरून पावले."

तेवढ्यात तिच्या गालाला त्याची चांगली आठवडाभराची दाढी टोचली. विमानात चढताना त्याने पाठवलेल्या फोटोत हनुवटी गुळगुळीत होती.

तिने त्याच्या खांद्यावरून पाहिलं. मागून येणारे झाडून सगळे पुरुष दाढी खाजवत, हसत येत होते.