जिन्याखालच्या भुताची सही

भयपटांच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. सिनेमात जिन्याखालचं भूत झालेले काका लांब नखं लावून, घशासाठी गरम पाणी पीत सह्या देत होते. माझा नंबर आला आणि आईच तावातावानं पुढे घुसली. झालं! गेली माझी अब्रू.

“तुमचा सिनेमा बघून ही कित्येक वर्षं माझ्या कुशीत झोपली. बाथरूमलासुद्धा मी सोबत!”

मागची मुलं फिदीफिदी हसली. भूत ओशाळलं. “चुकलं हो ताई.”

“चुकलं कुठं? आता ही धीट झालीये. खोलीचं दार आतून लावून घेते. काही विचारलं की ‘आई, प्लीज!’” मग आई वाकून हळूच म्हणाली, “जरा परत घाबरवा ना हिला.”

भुतानं चष्मा काढून ठेवला, टेबलावरून झेप घेतली आणि ते थेट माझ्या कानाशी गुरगुरलं. शप्पथ सांगते, मला काडीची भीती वाटली नाही. उलट त्याच्या तोंडाला खोकल्याच्या गोळीचा वास येत होता. पण माझी नजर आईकडे गेली, आणि मी अशी किंचाळले की अख्खी रांग मागे सरकली. धावत जाऊन आईला घट्ट बिलगले.

“अगं, मी आहे ना!” माझी पाठ थोपटताना आईचा चेहरा नुसता फुलला होता.

मी आणलेल्या सिनेमाच्या फोटोवर सही करता करता भूत पुटपुटलं, “ओव्हरॲक्टिंग झाली. पण आईंना पटली.”